दहा बोटं शाबूत

माझा स्वभाव संशयी आहे, हे कुणी म्हणायच्या आत मी स्वतःच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापावर, सिलिंडरच्या सीलवर आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. उभा जन्म बालवाडीची पोरं सांभाळण्यात गेला की हा गुण आपोआप अंगी येतो. पोटात दुखतंय म्हणून रडणाऱ्या पोराच्या पोटात खरंच दुखतंय की त्याला आईकडे जायचंय, हे मी त्याच्या डोळ्यांवरून ओळखते. एका नवऱ्याचं मात्र मला काही केल्या ओळखता येत नव्हतं.

नवरा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे माग अडला की त्याला पुन्हा चालता करणारा माणूस. गाव केम, पण तरुणपणीच इकडे आला आणि मागांच्या खडखडाटातच म्हातारा झाला. मग कारखाना बंद पडला. मालक पुण्याला मुलाकडे गेला आणि जाताना शेडची किल्ली याच्या हातात देऊन गेला. आमच्या दोन खोल्या शेडच्या मागच्याच गल्लीत. हा रोज सकाळी किल्ली घेऊन जायचा, कुलूप हलवून बघायचा, परत यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा.

बोलणं बंद. मी काही विचारलं तर उत्तर नाही. शेजारची भाभी म्हणायची, मागवाल्यांचे कान जातातच, तिच्या घरवाल्याचे पण गेलेत. मला ते पटत नव्हतं. कारण याला सोयीचं सगळं ऐकू यायचं. समोर उभं राहून हळू आवाजात जिलेबी आणू का म्हटलं की मान लगेच हलायची. स्वयंपाकघरातून गॅस संपलाय म्हणून ओरडले की साहेब ढिम्म. वर्गातल्या शेवटच्या पोरापर्यंत पोचणारा माझा आवाज, तो दहा पावलांवरच्या माणसापर्यंत पोचत नाही? डॉक्टरकडे चला म्हटलं तर हातानं उडवून लावायचा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की याला ऐकू येतं, पण माझं ऐकायचं नाही.

तो मार्च महिना माझ्या नोकरीचा शेवटचा होता. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे, तो कधीचा म्हणत होता, आई, इकडे येऊन राहा. मी जायचं ठरवत आणलं होतं, एकटीच. खरोखर बहिऱ्या माणसाजवळ मी जन्मभर राहिले असते. पण ऐकू येत असून जो बोलत नाही, त्याच्या भिंतीकडे बघत म्हातारपण काढायची माझी तयारी नव्हती. खरं काय ते मला कळायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

तेवढ्यात ती नाटकवाली पोरं आली.

पुण्याहून आली होती. त्यांची पुढारी एक मुलगी, केस बारीक कापलेले, पायात साध्या स्लिपर, बरोबर दोन-तीन नाचणारी मुलं-मुली. मालकाचा फोन आला की यांना शेड उघडून द्या, यांना तिथं नाटक करायचंय. मी फोन लाउडस्पीकरवर टाकून दोनदा विचारून घेतलं. शहरात चांगलं नाट्यगृह असताना बंद पडलेल्या शेडमध्ये, कोळ्याच्या जाळ्यांत, कोण नाटक करतं? ती मुलगी माझ्या ओट्यावर बसून समजावत होती. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत, पडदा नाही. लोक मागांच्या मधून चालत फिरणार, नाचणारे त्यांच्या अंगाला घासून जाणार, कुणी काय बघायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. बोलणंही जवळपास नाहीच. मी विचारलं, मग त्याला नाटक कशाला म्हणायचं? ती हसली आणि काकू, तुमचं बरोबर आहे म्हणाली. माझ्या प्रश्नावर जो माणूस इतक्या लवकर बरोबर आहे म्हणतो, त्याच्यावर माझा संशय दुप्पट होतो.

कुठं तरी पाणी मुरत होतं. आधी मला वाटलं, ही जागेवर डोळा ठेवून आलेली माणसं आहेत, नाटकाच्या नावाखाली मोजमाप करून जातील. मग वाटलं, भंगारवाल्यांची माणसं असतील. बंद शेडमधल्या मागांच्या मोटारींतली तांब्याची तार काढून नेण्याचे प्रकार आमच्याकडे होतात. मोटार जागेवर तशीच दिसते, आतून पोकळ. म्हणून पहिल्या रात्री नवरा झोपल्यावर मी किल्ली उचलली, शेडमध्ये गेले आणि प्रत्येक मोटारीच्या मागच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, कुंकवाचं बोट ओढून आले. मोटार उघडली किंवा बदलली तर कुंकू मोडणार, हा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं गेले, तर ती सगळी पोरं ओळीनं मोटारींच्या मागे जाऊन वाकून नमस्कार करत होती. कुंकू बघून त्यांना वाटलं, ही इथली रीत असणार. तालमीच्या आधी रोज नमस्कार करायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मी गप्प बसले. आपलं कुंकू असं अंगाशी आल्यावर दुसरं काय करणार?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी बालवाडी सुटल्यावर शेडकडे गेले आणि दारातच थांबले. आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि तो माझ्या नवऱ्याचा होता. तो आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकत होते की आधी ओळखूच आला नाही. तो एका मागाला टेकून उभा होता, ती मुलगी समोर, आणि दोघांचे हात भराभर चालले होते. हा हाताचं कोपर धरून काहीतरी दाखवायचा, ती तसंच करायची, हा मान हलवायचा, पुन्हा दाखवायचा. मधेच ती काहीतरी बोलायची आणि याला ते सगळं कळायचं. तिचं सगळं ऐकू येत होतं याला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मुलगी आपल्या लेकीच्या वयाची, त्यामुळे तसलं काही माझ्या मनात आलं नाही. पण घरी ज्याचं तोंड शिवलेलं, त्याला इथं हसू फुटतं, याचा अर्थ काय घ्यायचा? मी डबा दारात ठेवला आणि आत न जाता परत फिरले.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी शेडच्या मागे जायला लागले. तिथं एरंडाची झाडं माजलीत आणि एका खिडकीची काच फुटलेली आहे. दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून मी त्यावर उभी राहायचे. एमआयडीसीतली सायकलवाली माणसं बघून जायची. मी त्यांना सांगायचे, मांजर शोधतेय.

ते काय करतायत, ते हळूहळू कळत गेलं. चालू शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून विणकर लांबून हातांनी आणि ओठांनी बोलतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. बायकोचं तिकडं काही काम नसायचं. नवरा ते सगळं त्या पोरांना शिकवत होता. अंगठा मुठीत खुपसून हलवला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की पाळी संपत आली. गालावर बोट ओढलं की मालक येतोय, कारण जुन्या मालकाच्या गालावर व्रण होता. नंतरचे मालक गुळगुळीत आले तरी खूण तीच राहिली. डाव्या हाताचं मनगट उजव्या मुठीत गच्च धरून दोन्ही हात डोक्यावर नेले, तर कुणाचा तरी हात मागात सापडलाय, मेन स्विच बंद करा. आणि माणूस सुटला की ज्यानं सोडवलं त्यानं दोन्ही पंजे उंच करून सगळी बोटं पसरून हलवायची. दहा बोटं शाबूत, चालू करा.

माझा सगळा दिवस पोरांपुढं हात नाचवण्यात जातो. चांदोबा दाखवा, ससा दाखवा, पाऊस दाखवा. त्यामुळे खिडकीतून बघता बघता त्या खुणा माझ्या हातात आपोआप उतरल्या. मी शिकत नव्हते, पाळत ठेवत होते. ती मुलगी याच्याकडून काय काढून घेतेय आणि हा तिला काय सांगतोय, ते मला कळून घ्यायचं होतं.

एक दिवस ती मुलगी घरी आली, नवरा शेडमध्ये असताना. मी तिला स्पष्टच विचारलं की हे झाल्यावर तुम्ही काय करणार. ती म्हणाली, आणखी एका गावात असंच काहीतरी. मी म्हटलं, "तुमी चार दिवस राहून जाणार. त्यांना पुन्हा भिंतीकडं बघत बसायला मागं ठेवून जाणार. त्याचं काय?" तिचा चेहरा पडला. तेव्हा मला तिचं थोडं वाईटही वाटलं, पण मी प्रश्न मागं घेतला नाही.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याची परीक्षा घेतली. तो ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसला होता, मांडीवर शेडमधला जुना धोटा घेऊन. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा, पोटात सुताची कांडी असलेला लाकडी तुकडा. तो कानशीनं घासून त्याची टोकं गुळगुळीत करत होता. त्या पोरांना एक तरी माग खराखुरा चालू हवा होता आणि यानं ते काम अंगावर घेतलं होतं. मी दारात उभी राहिले आणि अगदी साध्या आवाजात, न चिडता म्हटलं, "मी कुर्डुवाडीला चाललेय. कायमची."

त्याची कानस थांबली. त्यानं धोटा डोळ्यांपुढे धरला, फुंकर मारली आणि पुन्हा घासायला सुरुवात केली.

म्हणजे ऐकलं होतं. ऐकून, क्षणभर थांबून, मग काही फरक पडत नाही असं त्यानं ठरवलं होतं. मी आत जाऊन माळ्यावरची बॅग काढली. त्या रात्री जेवताना तोंड वर करून त्यानं एवढंच विचारलं की बॅग कशाला काढली. मी उत्तर दिलं नाही. आता माझी पाळी होती.

प्रयोग शनिवारी दुपारी चारला होता. जुन्या पाळीच्या सुटण्याची ती वेळ, तीच त्यांना हवी होती. पत्र्याच्या छपरातल्या काचांतून ऊन तिरपं खाली येत होतं आणि त्यात सुताची तुसं उडताना दिसत होती. शहरातून आलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली काही माणसं होती आणि आजूबाजूच्या शेडमधले विणकरही आले होते, भाभीचा घरवाला धरून. सगळे अवघडून उभे, कुठं बघायचं कुणालाच कळत नव्हतं. मी बॅग घरी भरून ठेवून आले होते, सोमवारची गाडी होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, हाताची घडी घालून. नवरा दाराशी मेन स्विचच्या पेटीजवळ होता. धुतलेला पांढरा शर्ट त्यानं स्वतः काढून घातला होता.

सुरुवातीला बंद मागांमधून ती पोरं ताण्याच्या उभ्या सुतांसारखी सरळ रेषेत चालत आली, मग एकमेकांत गुंतली. हातांनी बोलत होती. चहा, मालक, पाळी. विणकर हसायला लागले, ओळखीचं दिसलं म्हणून. शहरातल्या माणसांना कळेना हे का हसतायत. मग त्या मुलीनं खूण केली आणि नवऱ्यानं कोपऱ्यातला तो एकच माग सुरू केला. खाड् खाड् खाड्. आवाज नुसता कानात नाही, पायाखालच्या फरशीतून वर चढत गेला. मला कबूल करायला हवं की माझ्या अंगावर काटा आला.

पुढचा प्रसंग मी खिडकीतून कितीदा पाहिला होता, नवऱ्यानंही पाहिला होता, आणि तालमीत त्यातल्या चुका दाखवून तो हसलाही होता. फक्त तालमीत माग बंद असायचा. आदल्या दिवशी वीज जोडून मिळाली आणि यानं माग चालवून बघितला, तेव्हा ती पोरं शहरात सामान आणायला गेली होती. चालू मागाबरोबर तो प्रसंग आज पहिल्यांदाच होत होता.

मागाजवळ नाचणारा मुलगा एकदम वाकडा झाला. लांब टोकाला उभ्या असलेल्या एका नाचणारीनं डावं मनगट उजव्या मुठीत धरून दोन्ही हात डोक्यावर नेले.

नवरा पेटीपासून चार पावलं पुढे आला होता. तो वळला, पळाला, इस्त्रीच्या कपड्यांतल्या एका माणसाला त्यानं खांद्यानं बाजूला केलं आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. त्याच वेळी तीन-चार विणकर गर्दीतून मागाकडे धावले आणि भाभीच्या घरवाल्यानं त्या नाचणाऱ्या मुलाला काखेत हात घालून मागे खेचलं. माग थांबला. दिवे गेले. छपरातलं ऊन तेवढं राहिलं.

शहरातल्या माणसांना वाटलं, हे नाटकातलंच आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्यांचा आवाज केवढा घुमतो, ते मला त्या दिवशी कळलं.

नवरा आमच्याकडे पाठ करून स्विचचा दांडा दोन्ही हातांनी दाबून उभा होता. तो वळला नाही. एवढा गदारोळ पाठीमागे चाललेला, पण त्याची मान इंचभरही हलली नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग माझा जो आवाज आहे, बालवाडीतला, त्या आवाजात मी ओरडले, "अहो!"

सगळी शेड माझ्याकडे वळली. तो नाही.

मला ओट्यावरची ती थांबलेली कानस आठवली. त्यानं धोट्याचं टोक तपासायला हात थांबवला होता, आणि मी त्यावरून बॅग भरली होती.

मग तो हळूहळू वळला. त्याचा चेहरा पांढराफटक. टाळ्या वाजवणारे हात त्याला दिसले, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. तो गर्दीवरून मागाकडे बघायचा प्रयत्न करत होता आणि मध्ये माणसं होती. त्याला तो मुलगा दिसत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की कुणाचा तरी हात गेला.

माझा दुधाचा क्रेट इथं नव्हता, म्हणून उंच व्हायला बाजूच्या रिकाम्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या जाड रुळावर, चढले. दोन्ही पंजे वर केले आणि सगळी बोटं पसरून हलवली.

त्यानं मला पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही की ही खूण कोण करतंय. मग कळलं. त्याचे खांदे खाली आले, जीव भांड्यात पडला. त्यानं मान हलवून पुन्हा विचारलं, दहा? मी पुन्हा हलवली, दहा. त्यानं दांडा वर केला. दिवे आले, माग सुरू झाला आणि ती नाटकवाली मुलगी, जी रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही, तिनं पोरांना पुढं चालू ठेवायची खूण केली.

घरी आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी त्याच्या समोर, तोंड उजेडाकडे करून. त्यानं विचारलं की तुला हे कुठून आलं. मी शेडची फुटकी खिडकी दाखवली, क्रेट दाखवला, एरंडाची झाडं दाखवली. तो हसला.

"पाळत ठेवत हुतीस व्हय?"

मी मान हलवली. मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडत विचारलं की इतके दिवस ऐकू येत नाही, हे सांगितलं का नाही. त्यानं हातातली किल्ली ओट्यावर ठेवली.

"तू कायम चिडल्याली दिसायचीस. तोंड आसं मोट्ठं करून बोलायचीस की. मला वाटायचं, शेड बंद पडली, मी घरी बसलोय, त्येचा राग हाय तुला. मग आनि कान गेल्यालं कुटं सांगू? म्हणून गप बसायचो."

मी उठून आत गेले. मोरीच्या वर आरसा टांगलेला आहे, त्याच्यासमोर उभी राहिले. आणि रोज संध्याकाळी त्याला ज्या शब्दांत, ज्या जोरानं विचारायचे, तसंच आवाज न काढता विचारून बघितलं, चहा घेताय का. भुवया वर, गळ्याच्या शिरा ताठ, दात दिसतायत. आरशातली बाई कुणावर तरी धावून चालली होती.

मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि अंगठा मुठीत घालून हलवला. त्यानं दोन बोटांमध्ये थोडं अंतर ठेवून दाखवलं, अर्धाच.